नांदेडची दुपार, दिब्रुगडची दुपार

नांदेड ७७.३ अंश पूर्व रेखांशावर, आसामातलं दिब्रुगड ९४.९ वर. मध्ये साडेसतरा अंश. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे दोन्ही गावांच्या माध्यान्हांत सत्तर मिनिटांचा फरक. भिंतीवरचं घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. हा सात दिवसांचा प्रवास त्या सत्तर मिनिटांच्या मागावरचा.

तारखा २१ ते २७ डिसेंबर. या मुद्दाम निवडल्या आहेत. सूर्य वर्षभर घड्याळाच्या चालीनं चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यात चौदा मिनिटं मागे. २५ डिसेंबरला हा फरक शून्यावर येतो, त्यामुळे रेखांशाचा साधा गुणाकार सरळ सावलीवर पडताळता येतो. त्याच्या आधीमागे रोज अर्ध्या मिनिटाचा हिशेब धरला की झालं.

पहिला दिवस: नांदेड

भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी. १ जानेवारी १९०६ पासून ती लागू आहे. नांदेड त्या रेषेच्या पाच अंश पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य डोक्यावर यायला सरासरी १२ वाजून २१ मिनिटं होतात. मराठवाड्यातसुद्धा सगळीकडे एक माध्यान्ह नाही. छत्रपती संभाजीनगरला १२:२९, धाराशिवला १२:२६, आणि वैजापूर ते किनवट या दोन टोकांत चौदा मिनिटांचा फरक पडतो. रमजानात गावोगावी इफ्तारची वेगवेगळी वेळापत्रकं छापतात ती याच कारणानं. एका गावचं कार्ड दुसऱ्या गावी वापरून चालत नाही हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

माध्यान्ह मोजायचं सामान पिशवीत मावतं. ५० सेंटिमीटरची सरळ लोखंडी सळई, तिला बसेल असा लाकडी पाट, गवंड्याचा ओळंबा, बुडबुड्याची लेव्हल, दोरी, पेन्सिल, ड्रॉइंग शीट आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. गच्चीवर जागा पाहताना दक्षिणेला झाड किंवा पाण्याची टाकी नको. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. माळवद असेल तर आधी लेव्हल लावून पाहावी, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो.

दुपारी ठीक बारा वीसला सावली मापत बसणं ही पहिली चूक. माध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी पाच-दहा मिनिटं जवळजवळ बदलतच नाही, मग सर्वांत आखूड कोणती हे डोळ्याला कळणार कसं? त्यापेक्षा पावणेअकराच्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण करावी, वेळ लिहावी, आणि सळईच्या बुडाशी दोरी धरून त्या खुणेतून वर्तुळ काढावं. सावली आखडत आत येते, मग पुन्हा लांबत दुपारी पावणेदोनच्या पुढे त्याच वर्तुळाला टेकते. ती वेळ लिहावी. दोन्ही वेळांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे तिथलं माध्यान्ह. वर्तुळाजवळ सावलीचं टोक मिनिटाला सुमारे दोन मिलिमीटर सरकतं, त्यामुळे हात नीट असेल तर उत्तर मिनिटभराच्या आत येतं. २१ डिसेंबरला नांदेडात ते १२:१९ यायला हवं. २५ ला १२:२१.

उत्तर चुकतं ते बहुधा दोन जागी. सळई ओळंब्यात नसते, किंवा टोक नेमकं कुठे संपलं ते दिसत नाही. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे सावलीचं टोक आठ-नऊ मिलिमीटर विरत जातं. उपाय सोपा. सळईच्या डोक्यावर पत्र्याचा तुकडा बसवावा, त्याला तीन मिलिमीटरचं भोक पाडावं आणि सावलीऐवजी उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरावा. ठिपका गोल दिसतो तो भोक गोल आहे म्हणून नव्हे, ती सूर्याचीच प्रतिमा असते. चौकोनी भोक पाडलं तरी तो गोलसरच पडतो. ओळंबा सळईच्या नव्हे, भोकाच्या खाली सोडावा, आणि वर्तुळाचा मध्य तोच घ्यावा.

माध्यान्हाची सावलीही मापून ठेवावी. नांदेडात ५० सेंटिमीटरच्या सळईची सावली ४६ सेंटिमीटर भरते. हा आकडा पुढे लागणार आहे.

आता या गावाचा दिवस. २५ डिसेंबरला सूर्योदय ६:५२, सूर्यास्त ५:५०. झुंजूमुंजू होतं साडेसहाला, कासराभर दिवस वर यायला साडेसात-आठ. शेतात तूर काढणीला आलेली, हरभऱ्याला पाणी चाललेलं, शाळू पोटऱ्यात. शेतीपंपाला ‘या आठवड्यात दिवसाची लाईट की रात्रीची’ हा प्रश्न इथे सूर्यापेक्षा मोठा असतो. रात्रीची असेल तर माणूस दोन वाजता दारं धरायला जातो आणि त्याचा सगळा दिवस उलटा होतो. शाळेपुरतं बोलायचं तर चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्यानं २०२४ मध्ये घेतला. डिसेंबरात इथे ९ वाजता सूर्याला उगवून दोन तास झालेले असतात. बाजारपेठ दहाच्या पुढे जागी होते आणि रात्री साडेनऊपर्यंत चालते. दिवेलागणीनंतर साडेतीन-चार तास गाव जागं. दिब्रुगडशी तुलना करताना हेच चार तास ध्यानात ठेवायचे.

संध्याकाळी पूर्णा, हिंगोली, वाशीममार्गे अकोला गाठावं आणि रात्र तिथे काढावी.

दुसरा दिवस: अकोला ते बिलासपूर

अकोल्याहून नागपूरमार्गे जाणारी मुंबई-हावडा मेल पकडायची. आरक्षण अकोल्यापासूनचं काढावं, नांदेडहून जोडून घेण्याच्या भानगडीत पडू नये. उजव्या हाताची खिडकी मिळाली तर दिवसभर ऊन अंगावर येतं, डिसेंबरात ते बरंही वाटतं.

बिलासपूर संध्याकाळच्या सुमाराला येतं. तिथला सूर्यास्त ५:२४ चा, नांदेडपेक्षा पंचवीसेक मिनिटं आधीचा. हे अंतर एका दिवसात जाणवतं. बिलासपूर सोडल्यावर चांपा यायच्या आधी गाडी ८२ अंश ३० मिनिटांची रेषा ओलांडते. फलक वगैरे शोधू नये. मोबाइलवर नकाशाचं अ‍ॅप उघडून रेखांशाचे आकडे पाहत बसावं. देशाचं घड्याळ खरं तर या पट्ट्याचं आहे. २५ डिसेंबरला इथे सूर्य बाराच्या ठोक्याला डोक्यावर असतो. इथून पश्चिमेचे सगळे घड्याळाच्या मागे, पूर्वेचे सगळे पुढे.

रात्री गाडी चक्रधरपूर, टाटानगरच्या मुलखातून जाते. हा छोटा नागपूरचा आदिवासी पट्टा. एकोणिसाव्या शतकात आसामच्या चहामळ्यांवर मजूर नेले ते मोठ्या संख्येनं इथलेच. त्यांची सादरी बोली आजही दिब्रुगडच्या मळ्यांत कानावर पडते.

तिसरा दिवस: हावडा

पहाटे हावडा. सूर्योदय ६:१३, सूर्यास्त ४:५८. दिब्रुगडला नेणारी संध्याकाळची कामरूप एक्स्प्रेस याच स्थानकावरून सुटते, त्यामुळे सामान ठेवून दिवस मोकळा मिळतो.

नदीपलीकडच्या कोलकात्याची पूर्वी स्वतःची वेळ होती. कलकत्ता वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या २३ मिनिटं २० सेकंद पुढे होती आणि ती १९४८ पर्यंत टिकली. मुंबईनं त्याहून हट्ट केला. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत चालू होती. म्हणजे स्वातंत्र्यानंतर आठ वर्षं मुंबईत ‘कुठले साडेदहा?’ असं विचारायची सोय होती. आजच्या चहामळ्यांत हाच प्रश्न रोज विचारला जातो, तो पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट इथे आठवावी. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं. नांदेडच्या रेखांशावर त्या घड्याळानं माध्यान्ह दुपारी १:२१ ला होई.

चौथा दिवस: उत्तर बंगाल, आणि आसामात शिरताना

न्यू जलपायगुडी, न्यू कूचबिहार, न्यू अलिपूरद्वार. डिसेंबरात या भागात सकाळी दाट धुकं असतं आणि गाड्या तासन्‌तास रखडतात. पुढची कुठलीही जोड गाडी किंवा मुक्काम ठरवताना निदान सहा तास हातचे राखावेत.

इथे मोबाइलची एक खोडी आहे. बांगलादेश आणि भूतान दोन्ही जवळ, दोन्हींचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. फोननं पलीकडचा टॉवर पकडला की वेळ आपोआप अर्ध्या तासानं उडी मारू शकते आणि गजर चुकतो. न्यू जलपायगुडीच्या आधीच ‘वेळ आपोआप’ हे बटण बंद करून भारतीय वेळ हातानं लावावी. सावली मोजणाऱ्यानं तर साधं मनगटी घड्याळच वापरावं.

अलिपूरद्वारनंतर थोड्याच अंतरावर ८९ अंश ५२ मिनिटांची रेषा येते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये देशात दोन प्रमाणवेळा असाव्यात असा प्रस्ताव शोधनिबंधातून मांडला. त्यातली सीमा हीच. रेषेच्या पश्चिमेला घड्याळ ग्रीनिचच्या पुढे आत्ताचे साडेपाच तास, पूर्वेला साडेसहा. जागा इथली का? बंगाल आणि आसाम यांच्यातली ही चिंचोळी पट्टी आहे. ईशान्येकडे जाणारे लोहमार्ग सगळे इथून जातात, त्यामुळे घड्याळ बदलायची स्थानकं मोजकीच राहतात. आक्षेपही रेल्वेचाच. एकेरी मार्गावर एका स्टेशनमास्तरचे दहा आणि दुसऱ्याचे अकरा झाले तर घोळ कुठवर जाईल? प्रस्ताव अजून प्रस्तावच आहे. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये आसामचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी राज्याचं घड्याळ तासभर पुढे नेण्याचं जाहीर केलं होतं, तेही झालं नाही.

पाचवा दिवस: दिब्रुगड

पहिला धडा सूर्यास्ताचा. २५ डिसेंबरला दिब्रुगडला सूर्य ५:५८ ला उगवतो आणि ४:२३ ला मावळतो. पावणेपाचला अंधार. दुपारी जेवून, वामकुक्षी काढून, ‘चार-साडेचारला चहा घेऊन ब्रह्मपुत्रेवर जाऊ’ असा नांदेडचा बेत इथे आखला तर काठावर पोचेपर्यंत नदी दिसत नाही. नदीवर जायचं ते तीनला. बाहेरची सगळी कामं सकाळी सहा ते दुपारी तीन या वेळात बसवावीत. बँक, टपाल, सरकारी कचेऱ्या प्रमाणवेळेवरच चालतात, म्हणजे सकाळचे उजेडाचे चार तास त्या बंद आणि शेवटच्या तासाला दिवे लावून चालू. दुकानं लवकर मिटतात. खरेदी रात्रीवर टाकू नये.

आता आकडे शेजारी ठेवू. दोन्ही गावांच्या माध्यान्हांत फरक ७० मिनिटांचा. पण डिसेंबरात सूर्योदयात फरक ५४ मिनिटांचा आणि सूर्यास्तात ८७ मिनिटांचा. असं का? कारण दिब्रुगड नुसतं पूर्वेला नाही, उत्तरेलाही आहे. नांदेड १९ अंशांवर, दिब्रुगड साडेसत्तावीसवर. हिवाळ्यात उत्तरेकडचा दिवस आखूड: नांदेडचा १० तास ५८ मिनिटं, दिब्रुगडचा १० तास २५. तो दोन्ही टोकांनी सोळा-सतरा मिनिटं कातरला जातो. पहाटेचा फरक तेवढा कमी होतो आणि संध्याकाळचा वाढतो. जूनमध्ये सगळं उलटतं. २१ जूनला नांदेडचा सूर्योदय ५:४४, दिब्रुगडचा ४:१६, तब्बल ८८ मिनिटं आधी. सूर्यास्त मात्र ७:०१ आणि ६:०८, फरक ५३ मिनिटांचा. म्हणून ‘आसामात एक तास आधी उजाडतं’ हे सांगोवांगीचं वाक्य वर्षातल्या थोड्याच दिवसांना लागू पडतं. उन्हाळ्यात जाणाऱ्यानं खोलीला जाड पडदे आहेत का ते विचारावं, हिवाळ्यात जाणाऱ्यानं संध्याकाळचे बेत रद्द करावेत.

सावली मोजायची तर वर्तुळाची पहिली खूण ९:४० ला आणि दुसरी १२:४० च्या आसपास. सकाळचं धुकं ९:४० पर्यंत उठलं नसेल तर दहाला करावी, मग दुसरी १२:२० ला येईल. दोन खुणांतलं अंतर कमी झालं की अचूकपणाही थोडा घटतो एवढंच. माध्यान्ह ११:१० ला. नांदेडात ४६ सेंटिमीटर भरलेली सावली इथे साडेएकसष्ट भरते, त्यामुळे कागद मोठा न्यावा. वर्तुळच ७२ सेंटिमीटर त्रिज्येचं होतं. मराठवाड्यात मे आणि जुलैमध्ये एकेक दिवस सावली पायाखाली नाहीशी होते. दिब्रुगड कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यानं तिथे तो दिवस कधीच येत नाही.

घरच्या कॅलेंडरचं काय? संकष्टी धरणाऱ्यांनी नांदेडचा चंद्रोदय इथे पाहू नये. पौषाच्या संकष्टीला दिब्रुगडला चंद्र सव्वा तासाहून जास्त आधी उगवतो. नांदेडच्या वेळेनं थांबलं तर उपास विनाकारण लांबतो. राहुकाळ मानणाऱ्यांनाही इथला सूर्योदय धरूनच मोजावं लागतं. गोरज मुहूर्तावर लग्न लावायचं ठरलं तर डिसेंबरात इथे ते सव्वाचारच्या सुमारास लागेल आणि वऱ्हाडाची जेवणं चहाच्या वेळेला उठतील. गंमत म्हणजे संध्याकाळला असमिया शब्द आहे ‘गधूली’, आपलीच गोधूळ.

सहावा दिवस: मळ्याचं घड्याळ

चहामळ्यांनी या प्रश्नाचा निकाल कधीच लावून टाकला आहे. इंग्रज मळेवाल्यांच्या काळापासून तिथे ‘चायबागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे. १९५१ च्या मळा कामगार कायद्यानं अशी स्थानिक वेळ ठरवायची मुभाही दिली. मळ्यात साधारण ९ ते ५ काम असतं, म्हणजे आपल्या घड्याळात ८ ते ४. डिसेंबरात कामगार घराकडे वळतो तेव्हा सूर्य मावळायला वीस मिनिटं उरलेली असतात. हे गणित किती चपखल आहे ते तिथे उभं राहिल्यावर कळतं: बागेच्या घड्याळानं तिथलं माध्यान्ह १२:१० ला होतं. नांदेडात ते आपल्या घड्याळानं १२:२१ ला होतं. दोघांचे बारा जवळजवळ सारखेच. मळ्यानं घड्याळ पुढे नेलं ते काही वेगळं करायला नव्हे, नांदेडकराला आयतं मिळतं तेवढंच मिळवायला. शेजारच्या म्यानमारचं घड्याळही नेमकं हेच, साडेसहा तासांचं.

भेटीची वेळ ठरवताना ‘बागान टाइम की इंडियन टाइम?’ हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नये. ‘दहाला या’ म्हणजे मळ्यातल्या माणसाच्या लेखी आपले नऊ असू शकतात, आणि गावातल्या रिक्षावाल्याच्या लेखी दहाच. एकाच घरात नवरा मळ्यात आणि बायको गावातल्या शाळेत असेल तर घरात दोन वेळा नांदतात. परवानगीशिवाय मळ्यात शिरू नये. कचेरीत विचारलं तर बऱ्याचदा माणूस सोबत देतात.

‘दोन पानं आणि एक कळी’ खुडणाऱ्या बायांचं चित्र मनात घेऊन डिसेंबरअखेर जाणाऱ्याची निराशा होते. थंडीत झाड नवी पालवी देत नाही, खुडणी थांबलेली असते, कारखान्यात यंत्रं उघडून दुरुस्ती चाललेली असते. रांगांमध्ये छाटणी चालू असते. धारदार कोयत्यानं एका तिरक्या घावात फांदी उडवतात. घाव फाटला तर पाणी मुरून लाकूड कुजतं, म्हणून कोयता सारखा परजला जातो. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी पाहिलेल्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, फक्त इथे वरची पातळी कमरेच्या उंचीवर टेबलासारखी सपाट ठेवतात, खुडणाऱ्याचा हात पोचावा म्हणून. खुडणी पाहायची असेल तर मार्चनंतर यावं.

सातवा दिवस: बोगीबील

गावाच्या कडेनं ब्रह्मपुत्रेचा बांध आहे, असमियात ‘मथाउरी’. त्यावरून सकाळी साडेपाचला चालायला लागलं तर सूर्योदय समोर मिळतो. १५ ऑगस्ट १९५० चा ८.६ रिश्टरचा भूकंप या भागानं पाहिला. त्यानंतर नदीचं पात्र गाळानं वर आलं आणि गावाचा मोठा भाग तिनं कापून नेला. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६ चा, गाव झोपेत असतानाचा. इथला संध्याकाळी ७:३९ चा. ऑगस्टात त्या वेळी नांदेडला नुकतं अंधारलेलं असतं, दिब्रुगडला रात्र होऊन तासाहून जास्त झालेला असतो.

बोगीबीलचा पूल ४.९४ किलोमीटरचा, खाली रेल्वे आणि वर रस्ता, २५ डिसेंबर २०१८ ला सुरू झालेला. पलीकडे धेमाजी जिल्हा, तोही आसामच, परवाना लागत नाही. तिथून पुढे अरुणाचलात शिरायचं असेल तर मात्र इनर लाइन परमिट आधी काढावं लागतं. सीमेवर जाऊन खटपट करण्यात त्या आखूड दिवसाचा अर्धा भाग जातो. पुलावरून दुपारी दोनच्या आत परत फिरावं. तीननंतर ऊन पिवळं पडतं आणि धुकं पात्रातून वर यायला लागतं.

फोनची वेळ हा मराठवाड्यातल्या कित्येक घरांचा खरा प्रश्न आहे, कारण ईशान्येला फौजेत असलेली पोरं इथे गावोगावी आहेत. डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचला आई ‘दिवस मावळायच्या आत दोन शब्द बोलावं’ म्हणून फोन लावते तेव्हा तिकडे अंधार पडून पाऊण तास झालेला असतो. रात्री नऊनंतर तर नकोच. तिकडच्या सूर्याच्या हिशेबानं ते दहाला दहा कमी होतात आणि पहाटेची उठवणूक चारची असते. दुपारचे तीन ठीक. नांदेडात जेवणं उरकून भांडी पडलेली असतात, दिब्रुगडला ऊन कलायला लागलेलं असतं.